पोस्टरवरचा माझा खांदा

एकोणीसशे पंच्याण्णव साली मी बेचाळीस वर्षांचा होतो. ते साल आज आठवलं ते खळीच्या वासानं. इथं जर्मनीत, आखनला, लेकीच्या स्वयंपाकघरात नातीनं मैद्याची खळ शिजवली. मतदानाचा हक्क मागायला इथल्या बायकांनी शंभरेक वर्षांमागं छापलेलं चित्र तिला शाळेसाठी पुठ्ठ्यावर चिकटवायचं होतं.

"सगळ्या चित्रात बाई एकटीच?" मी विचारलं.

"गेनाऊ, आजोबा, अगदी बरोबर," ती म्हणाली.

त्या साली आमच्या ग्रामपंचायतीला बायकांसाठी जागा राखल्या आणि माझी बायको सुमन उभी राहिली. पोस्टरवर छापायला तिचा एकटीचा फोटोच नव्हता. छापखानेवाल्यानं लग्नाच्या फोटोतून मला कापलं, पण माझा खांदा तेवढा राहिला. एसटीतून पोस्टरांचा गठ्ठा उतरवला तशी माणसं हसायला लागली. "काय पाव्हणं, नुसता खांदाच उभा केलाय व्हय?" मला आजवर कुणी असं कापलं नव्हतं. गठ्ठा घरी आणून आपटला.

सुमन चुलीवर खळ ढवळत होती. तिनं पदराला हात पुसले, एक पोस्टर उचललं आणि ताज्या शाईच्या वासात स्वतःच्या तोंडाकडं बघत राहिली.

"अहो, गावानं मला कधी धड बघितलंच नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला कमीपणा वाटत असंल तर राहू द्या. मी दारोदार जाऊन सांगंन."

तेव्हा मला माझा खांदाच सलत होता. आता डोळ्यांपुढं येतं ते तिचं ते बघणं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खळीची बादली सायकलला अडकवली आणि चावडीच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल असं, पहिलं पोस्टर चिकटवलं.