खांदेकऱ्यांची बारा पानं

चहा घ्या, सांगतो. पण हसायचं असेल तर मलाच हसा हं! बापाच्या तेरवीत मी जे गणित केलं, ते भल्याभल्यांना जमायचं नाही.

चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. मी नागपूरला इंटर सायन्सला, आणि गाव भामरागडच्या जंगलात. भर पावसाळ्यात बाबा गेले. वाटेत नदीला पूर, त्यामुळं मी पोचलो नवव्या दिवशी! तोवर बाबांचा जंगलातला सोबती दलसूभाऊ आणि त्याचे तीन भाऊ, या चौघांनी खांदा देऊन सगळं उरकलं होतं. पोटचा पोरगा मी, आणि खांदा दुसऱ्यांचा! फार लागलं मनाला. ठरवलं, तेरवीतून तरी कुणी उपाशी जाता कामा नये.

आमच्याकडची रीत अशी, की पाहुणे उठल्यावर खांदेकरी जेवतात आणि घरच्यांसाठीही जेवणाची पानं बांधून नेतात. चौघांची मिळून बारा पानं. भात घरच्याच धानाचा. दुसऱ्याकडून मागून आणलेला चालत नाही.

माय म्हणाली, "बाबू, खांदेकऱ्यायचे बारा पानं धरजो."

"माय, तीनशे पाहुणे येऊन राह्यले. त्यात बारा कुठी दिसतीन?"

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा! कोळसा घेऊन मी भिंतीवरच लिहिलं: पाहुणे क्ष, पानं क्ष अधिक बारा, भागिले क्ष. क्ष अनंताकडं नेला, म्हणजे पाहुणे वाढवतच नेले, की उत्तर एक.

"म्हंजे पाहुण्यामागं एकच पान, माय. बारा सोडून द्याचे."

"सोडून द्याचे? काऊन?"

"कॉलेजात तसंच शिकवते."

कॉलेजाचं नाव ऐकून माय चुलीकडं वळली.

अकराव्या दिवशी नदी पुन्हा फुगली. पाहुणे पलीकडं अडकले, उरले गावातले आठ. धान कांडणाऱ्या बाईनं विचारलं, "किती जणायचं कांडू?"

सूत्र डोक्यात पक्कं! "आठाचं!"

अहो, अनंताचं सूत्र मी आठाला लावलं! आठात बारा मिळवले की वीस होतात, हे सांगायला कॉलेज कशाला लागतं?

तेराव्या दिवशी आठ पाहुणे पोटभर जेवले. मी खूश. मग दलसूभाऊ आणि त्याचे भाऊ बसले. चार पत्रावळी मांडल्या. मी भाताचा गंज उचलला, तर तळाशी नुसती करपलेली खरड.

"काऊन थांबला, बाबू?"

"भाऊ... भात सरला. कांडलेले तांदूळबी सरले."

"आमी किती होतो तुह्या हिशोबात?"

खोटं बोलवेना. "काईच नाई, भाऊ."

दलसूभाऊ रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. कोरी पत्रावळ घडी करत तो म्हणाला, "तुह्या बापाले चौघायनं उचललं, बाबू. तीनशे तं तवाबी पलीकडंच होते."

आत माय रडायला लागली, तेरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः धान कांडून बारा पानं त्याच्या घरी पोचवली. त्यानं घेतली. पण तेरवी काही परत होत नसते.

पुढं परीक्षेत नेमका तसलाच प्रश्न! उत्तर एक, मला झोपेतही आलं असतं. पण मी लिहिलं, 'क्ष किती, ते आधी सांगा.'

मास्तरांनी शून्य दिलं. दलसूभाऊला मी दिलं होतं, तेवढंच.