ठोकळ्यांचं इंजिन

"पोरगी रडून काऊन नाही राहिली?" स्वयंपाकघरात कोणीतरी हळूच विचारलं. आईने काय उत्तर दिलं, ते भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी बाहेरच्या खोलीत पत्रावळींचे गठ्ठे सोडवत होते. बाबांची तेरवी होती. मला भूक लागत होती, झोपही येत होती. कोणी काम सांगितलं की मी करत होते.

बाबा राइस मिलमध्ये फिटर होते. मी इंग्लिश मीडियमची, घरातही तोलूनमापून बोलणारी. आमचं फारसं बोलणं नव्हतं. कॉलेज संपल्यावर मी लहानपणीचे प्लास्टिकचे ठोकळे पुन्हा काढले आणि हवेवर चालणारं इंजिन करायला घेतलं, तेव्हा ते शेजारी येऊन बसू लागले. सायकलच्या पंपाने हवा भरायची. हवा दट्ट्याला ढकलते, दट्ट्या चाक फिरवतो, आणि फिरता फिरता चाकच हवेची वाट बदलतं. आमच्या इंजिनात ती भलत्याच वेळी बदलायची. चाक अर्धा फेरा घेऊन थांबायचं. तीन रविवार मी व्हिडिओ पाहत बसले. बाबांनी एकदाही व्हिडिओ पाहिला नाही. चाक बोटाने फिरवत राहिले आणि म्हणाले, "पाव फेरा आधी बदल." मी हवेची वाट बदलणारी दांडी काढून फिरवून बसवली. इंजिन चाललं. ते उठून हात धुवायला गेले.

जेवणं आटोपल्यावर आत्या, बाबांची मोठी बहीण, शोकेसमधल्या त्या इंजिनासमोर उभी राहिली. देवरीची बस पकडायची होती तिला. भावाची एक वस्तू घरात असावी, म्हणाली, आणि हे तर त्याच्या हातचं आहे. आईने माझ्याकडे पाहिलं, मग होकार दिला. मी आतून पिशवी आणून दिली.

चालतं का ते आधी पाहू, म्हणून काकांनी पंप लावला. हे बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी चार-पाचदा दाब दिला. चाक हललं नाही.

मी जवळून पाहिलं. दट्ट्याच्या कडेला पांढरं साचलं होतं. दट्ट्या कुरकुरायचा, म्हणून बाबांनी त्यात खोबरेल घातलं होतं. व्हिडिओत दुसरंच तेल सांगितलं होतं, पण मी तेव्हा काही बोलले नव्हते. आता थंडी पडली होती. तिथल्या कोणाच्याच हे लक्षात आलं नाही.

आत्याने हात मागे घेतला. बंद पडलेलं नेऊन काय करू, त्याचा एखादा स्वेटर द्या, म्हणाली. काकांनी इंजिन माझ्याकडे सरकवलं. मी फक्त गप्प राहायचं होतं, ते माझ्या खोलीत राहिलं असतं. मी पिशवीची घडी घालू लागले.

"त्याचं असंच होतं," काका हसत म्हणाले. "मिलमधी बी काम करे, पन पक्कं नाही."

दोघंतिघं हसले. त्यात वाईट काही नव्हतं, तेरा दिवसांनी माणसं हसतातच. आईने मात्र खाली पाहिलं.

मी पिशवी पुन्हा उघडली.

"बंद नाही पडलं, आत्या. आतलं तेल थिजलंय. दहा मिनिटं अंगणात उन्हात ठेव, चालेल. मग घेऊन जा."