हजेरीनंतर आलेला पेन ड्राइव्ह

आमचा कंप्युटर बिघडला की दुरुस्तीवाला गोखिवऱ्याहून येतो. खुर्ची दिली तरी बसत नाही. कंप्युटरशी मात्र आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतो, "काय दुखतंय, राजा?" बायकोशी इतकं गोड बोलत असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी सून रडकुंडीला आली होती. ती शिक्षिका आहे. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचा पेपर आत अडकला होता आणि कंप्युटर सुरूच होईना. पेन ड्राइव्हवरून चालू करून पेपर बाहेर काढतो, असं तो म्हणाला. पण पडद्यावरच्या यादीत पेन ड्राइव्हचं नावच येईना.

त्याची रीत ठरलेली. बटण दाबायचं, पडदा उजळला की क्रूसाची खूण करायची, मग पेन ड्राइव्ह खोचायचा. पुन्हा पुन्हा तसंच करत राहिला.

मी विचारलं, "हे यादी कधी करतं?"

"चालू झाल्या झाल्या, मावशी. कोण कोण हजर आहे ते बघतं."

"मग हजेरी संपल्यावर पोर वर्गात ढकलून काय उपयोग? आधी खोच, देवाचं नाव मग घे."

त्याने कंप्युटर बंद केला. आधी पेन ड्राइव्ह खोचला, मग बटण दाबलं. नाव आलं, पेपर निघाला. क्रूसाची खूण त्याने नंतर दोनदा केली.

जाताना सुनेला म्हणाला, "मावशींचं लक्ष आहे का, ते बघत होतो."

थापाड्या आहे. तरी पुढच्या वेळीही त्यालाच बोलव, असं मी सुनेला सांगितलं. दुसरा कोणी माझं ऐकायचा नाही.