परतीच्या पार्सलातली आंबापोळी

हे मी अजून कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. आईच्याही नाही. मराठीत एवढं सलग लिहायची मला सवय नाही, माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली. पण हे इंग्रजीत लिहायला हात धजावत नाही. का, ते पुढे कळेलच तुम्हाला.

रत्नागिरीला आमच्या घराला लागून मालूकाकूंचं घर. मध्ये जांभ्याचा गडगा, कमरेएवढा. त्या गडग्यावरून दिवसभर भांडी इकडून तिकडे जायची. वाटीभर सोलकढी, चार गरे, उकडीचा एखादा मोदक. आणि एक रीत होती, कुणी न शिकवता सगळ्यांना ठाऊक असलेली — आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यायची. मी लहानपणी एकदा नुसताच धुतलेला डबा परत नेला. काकूंनी झाकण उघडून आत पाहिलं आणि हसत म्हणाल्या, “डबा उपाशी आला गो आमचा.” मला इतकी लाज वाटली, की पुढे कितीतरी दिवस मी गडग्याकडे फिरकलेच नाही.

मी अशीच होते. बोलायची वेळ आली की पळायचं. कुणी काही विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायचं आणि त्यांच्या चपलांकडे बघत राहायचं. पण कॉम्प्युटरसमोर — ते वेगळं होतं. तिथे मला कुणी बघत नव्हतं.

काकू आळीतल्या मुलींना गाणं शिकवायच्या. दोन हजार सहा-सात सालची गोष्ट असेल. त्यांना इलेक्ट्रॉनिक तानपुरा हवा होता आणि मी तो त्यांना इंटरनेटवर शोधून दिला. तेव्हा हे सगळं नवं होतं. एका वेबसाइटवर देशभरातले लोक आपापल्या वस्तू विकायला मांडायचे आणि घेणाऱ्यानं नंतर विकणाऱ्याबद्दल शेरा लिहायचा. आमचा विक्रेता जबलपूरचा होता. दुबे नावाचा. पार्सल आलं, काकूंनी वाद्याला हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं. थोडा वेळ सगळं छान. मग पंचम हळूहळू खाली घसरायला लागला, जणू त्याला झोप येत होती. मुली हसायला लागल्या. काकाही — जे कधीच हसत नसत — पेपराआड हसले.

वस्तू परत घ्यायला दुबे तयार होता. अडलं ते परतीच्या टपालखर्चावर. तो म्हणे, परत पाठवायचा खर्च घेणाऱ्याचा. काकू म्हणत, वस्तू त्याची बिघडलेली, मग खर्च आपण का सोसायचा? मी सायबर कॅफेत जाऊन काकूंच्या वतीनं मेल लिहायचे. दोन-तीन साध्या, नम्र मेल गेल्या. मग त्याची उत्तरं यायची थांबली. काकू गडग्यापाशी येऊन विचारायच्या, आलं का गो उत्तर?

मग एका दुपारी मी एक मेल लिहिली. ती मला अजून जशीच्या तशी आठवते, पण इथे नाही लिहिणार. तिच्यात ‘फसवणूक’ हा शब्द होता. पोलिसांचा उल्लेख होता. तुझ्या नावापुढे असा शेरा लिहीन, की तुझ्याकडून पुन्हा कुणी काही घेणार नाही, असं होतं. किती सफाईदार इंग्रजी होतं ते! लिहिताना मला फार बरं वाटत होतं — खरं सांगते — खूप उंचावर उभं राहून बोलल्यासारखं. आणि खाली नाव घातलं काकूंचं.

त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मोडक्या इंग्रजीत. मॅडम, मी एकटाच हे काम करतो, शेरा वाईट आला तर माल उठणार नाही, परतीचा खर्चही मी देतो, कृपा करून काही लिहू नका. एवढंच.

मी काकूंना सांगितलं, की तो कबूल झाला. आपण होऊन.

काकूंचा चेहरा किती उजळला! त्या म्हणाल्या, बघ, माणूस चांगलाच होता, उगीच शंका घेतली आपण. आणि त्या लगबगीनं आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा तानपुरा परत खोक्यात बसवलेला होता, आणि त्याच्या शेजारी केळीच्या सोपटानं बांधलेली, कागदात गुंडाळलेली आंबापोळी. त्या वर्षीची, त्यांच्या अंगणात ताटांत वाळलेली.

“एवढ्या लांबून आलेलं खोकं, रिकामं कसं धाडायचं?”

आत तानपुरा होता. पण तो त्याचाच ना — ज्याचं त्याला परत. काकूंच्या हिशोबानं खोकं रिकामंच होतं.

पार्सल मांजरपाटाच्या कापडात शिवून द्यावं लागायचं. काकूंना सुईत दोरा ओवता येत नव्हता, म्हणून मी ते घरी नेलं. आणि खोलीचं दार लावून पोळी बाहेर काढली. काय वाटलं असतं त्या माणसाला — एका हातानं धमकी, दुसऱ्या हातानं खाऊ? तो हसला असता. किंवा त्याला कळलं असतं, की ही मेल लिहिणारी बाई आणि ही पोळी घालणारी बाई एक नव्हे. कशाची भीती वाटली मला? अजून नीट सांगता येत नाही. मी खोकं शिवलं, पोस्टात दिलं. पोळी मीच खाल्ली, दुपारी दुपारी, खिडकीत बसून, थोडी थोडी करत. फार गोड होती.

पैसे परत आले, टपालखर्चासकट. काकूंना खात्रीच होती, की पोळीनं काम केलं. त्यांनी विचारलं, आवडली का गो त्यांना? मी म्हटलं, हो.

एक शब्द. माझ्या नेहमीच्या सवयीप्रमाणे.

पण काकूंचं एका शब्दावर कधी भागलंय? घरी कोण कोण असतं त्यांच्या? मी म्हटलं, बायको. आणि? एक मुलगी. नाव काय? गुड्डी. हे मी ठरवून केलं नाही — किंवा केलंच असेल. गडग्यापाशी उभं राहून बोलता बोलता जबलपूरचं ते घर माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. निळ्या दाराचं, दारात पेरूचं झाड. दुबेंची बायको पोळीचे तुकडे दुधात भिजवून खाते. गुड्डी कथ्थक शिकते आणि घुंगरू काढायला कंटाळा करते. मला, जिला दोन वाक्यं धड बोलता येत नसत, काकूंसमोर शब्द सापडत होते. त्या ऐकताना हातातलं काम थांबवायच्या. माझं इतका वेळ कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या वैशाखात काकूंनी जबलपूरसाठी नवं पार्सल बांधलं. त्याच्या पुढच्याही. मी ते शिवून घ्यायची, पोस्टाच्या दिशेनं निघायची आणि पोस्टावरून पुढे जायची, भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत. तिथे सुरूच्या झाडांखाली बसून टाके उसवायची. वाऱ्यात ती झाडं सतत हळू आवाजात काहीतरी बोलत असतात. मला वाटायचं, मी खरंच कुठेतरी पोचवून आले. तोवर मी नोकरीला लागले होते; पोळी मग ऑफिसात वाटायची. आईनं केली का, असं सगळे विचारायचे. मी मान हलवायची. टपालासाठी दिलेले पैसे देवळाच्या पेटीत टाकायची, म्हणजे जणू काही —

जणू काही काय?

मग काकू भजनी मंडळातल्या बायकांबरोबर काशीला निघाल्या. मुंबईहून गाडी जबलपूरवरून जाते, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणाल्या, त्यांना कळव गो, गाडी थांबते तेवढंच, पाच मिनिटं, नुसतं डोळ्यांनी बघायचंय. डब्याचा नंबरही दिला. मी म्हटलं, कळवते.

सायबर कॅफेत जाऊन मी दुबेचा पत्ता काढला. खऱ्या दुबेचा. मेल लिहायला घेतली. एक ओळ तर हवी होती — एक म्हातारी बाई अमुक गाडीनं जातेय, तिला भेटाल का? आला असता तो? कुणास ठाऊक. कदाचित आलाही असता. पण त्या कोऱ्या जागेच्या खाली माझीच जुनी मेल दिसत होती, काकूंच्या नावाची. मी खिडकी बंद केली आणि घरी आले. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण ती गाडी गेली त्या दिवशी मी मनात फलाटावर निळ्या फ्रॉकमधली गुड्डी उभी केली होती. ती पोचेल असं मला कुठेतरी वाटत होतं.

परत आल्यावर काकूंनी स्वतःच सगळं सांगितलं. त्या इटारसीपासून जाग्याच होत्या. नवं पातळ नेसून दारात उभ्या राहिल्या, पिशवी घेऊन. फलाटावर एखादी मुलगी दिसली, की हात करायच्या. बरोबरच्या बायका चिडवत होत्या, काय गो मालू, व्याही रुसले वाटतं तुझे? गाडी हलली तरी त्या दारातच होत्या. शेवटी कुणीतरी त्यांना हाताला धरून आत नेलं.

त्यांचा आवाज जराही तक्रारीचा नव्हता. म्हणाल्या, “गाडीला उशीर झाला ना, बिचारे ताटकळून गेले असतील. माझ्या वतीनं माफी माग हो त्यांची.”

तेव्हा सांगता आलं असतं. त्या समोर होत्या, काका आत होते, बाकी कुणी नव्हतं. मी त्यांच्या चपलांकडे पाहिलं आणि दोन दिवसांनी त्यांना सांगितलं, की उत्तर आलं — गुड्डीला खूप ताप होता, म्हणून येता आलं नाही त्यांना.

काकू घाईनं आत गेल्या. संध्याकाळी आई म्हणाली, मालूनं देव पाण्यात ठेवलेत, जबलपूरच्या त्या मुलीसाठी.

मी जाऊन पाहिलं. देवघरात तांब्याच्या घंगाळात पाणी होतं आणि तळाशी गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. समई लावलेली. काकू समोर पाटावर बसून जप करत होत्या. त्या दिवशी त्यांनी गाण्याच्या मुलींना परत पाठवलं होतं. काकांनी मला खुणेनं सांगितलं, की सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मी दाराशी उभी राहिले. पाण्यात ज्योत हलत होती आणि देव हलल्यासारखे दिसत होते.

मी तिथेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हटलं, ताप उतरला.

काकूंनी एकेक देव पाण्यातून काढला, पदरानं टिपला, जागेवर ठेवला. मग माझ्या हातावर गूळखोबरं ठेवलं. म्हणाल्या, तू वेळेवर कळवलंस म्हणून, नाहीतर मला कुठून कळणार होतं?

मी ते खाल्लं.