चौगुले मॅडमची खात्री

चौगुले मॅडम पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या भांडायलाच. सांगलीत विश्रामबागेत त्यांची प्रयोगशाळा. तिच्यासाठी मी साताऱ्याच्या माझ्या वर्कशॉपात स्टीलचं मोठं भांडं करून दिलं होतं, पंप लावून आतली सगळी हवा काढायची, असलं. तेच गाडीत घालून त्या घेऊन आल्या.

"आत कुंकू कुणी लावलं? त्यातनं वाफ सुटतीया. चार दिवस पंप चालतोय, हवा काय संपंना!"

"मी लावलं," आमची मंडळी, हिरा, म्हणाली. "दसरा होता. कोरं भांडं तसंच पाठवायचं व्हय?"

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. त्यांनी पर्समधले हातमोजे काढून हिराच्या हातात ठेवले. "मग आता तुमीच पुसा, काकी."

तेव्हापासून त्यांचं काम शेवटी हिराच पुसायची. मॅडम जवळ बसायच्या. चहा दिला तरी विचारायच्या, "साखर घातलीय, खात्री हाय?" असला स्वभाव.

एकदा हिरानं विचारलं, कशासाठी हा खटाटोप? मॅडम म्हणाल्या, "लेझरचा लय बारीक झटका वायूच्या रेणूला द्यायचा. त्यातला इलेक्ट्रॉन सुटून लांब जातो आणि माघारी येऊन आदळतो. तवा प्रकाश निघतो. डोळ्याला दिसत न्हाई, हवेत टिकत न्हाई. कॅमेऱ्यात तेवढा उमटतो."

"रुसून माहेरी गेलेली सून माघारी येऊन भांडी आपटती, तसं की!"

मॅडम डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "उमटला की पहिला फोन तुमाला, काकी."

तीन वर्षं हिरा वाट बघत होती. अंथरुणाला खिळली तरी फोनवर तेच. "उमटला का वो, बाई?"

"अजून खात्री न्हाई, काकी."

हिरा गेली.

महिन्यानं मॅडम कागद घेऊन आल्या. त्यावर उजेडाचे पट्टे, कोपऱ्यात तारीख. हिरा जायच्या आधी नऊ दिवसांची.

"तवा का न्हाई सांगितलं?"

"एकदा उमटला त्याला उमटला म्हणत न्हाईत, काका. परत परत बघावं लागतं. कॅमेऱ्याची चूक असती तर? काकींना खोटं कसं सांगू?"

"सांगायचं खोटं!" मी ओरडलो. "मरणाऱ्या बाईला तुमच्या खात्रीचं काय लोणचं घालायचं होतं?"

मॅडम कागद ठेवून गेल्या, परत आल्या नाहीत.

मीही तीनदा माप घेतल्याशिवाय काम हातावेगळं करत नाही. मॅडमचं चुकलं नाही, हे मला कळतं. चुकल्या असत्या तर माफ तरी करता आलं असतं.