भिंतीकडे तोंड करून

बुधवार पेठेत एका जिन्याखाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं जातोय, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. स्क्रीनवर एरर आली की ते ती शेवटपर्यंत मोठ्यानं वाचतात आणि मग गिऱ्हाइकाकडे बघतात. "घरी वाचली होतीत? नाही ना. ओके दाबून मोकळे."

या वेळी मी बायकोचा जुना कॉम्प्युटर नेला होता. ती जाऊन वर्ष झालं. तिचे फोटो, व्हिडिओ क्लाउडवर ठेवायचे होते, पण ते सॉफ्टवेअर काही केल्या इन्स्टॉल होईना.

त्यांनी एरर वाचली. "मशीन म्हातारं झालंय. त्या सॉफ्टवेअरला नवीन विंडोज लागते, ती याला झेपायची नाही. आणि फॉरमॅट करून घेऊ नका कुणाकडून, सगळं जाईल."

हार्ड डिस्क काढून त्यांनी ती दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. पासवर्ड मला टाकायला लावला, अपलोड सुरू केलं आणि स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. गिऱ्हाइकाचे फोटो उघडले की ते नेहमी असेच बसतात.

तासाभरानं अपलोड एका व्हिडिओपाशी अडकलं.

"फाइल खराब झालीय का बघा. चालवा," ते भिंतीकडे बघतच म्हणाले.

मी चालवला. "अहो, चहा निवतोय," बायकोचा आवाज दुकानभर घुमला. "ऐकताय ना?"

व्हिडिओ संपला.

ते वळले नाहीत. तसेच बसून म्हणाले, "पुन्हा एकदा चालवा. खात्री करून घेतलेली बरी."