बिब्ब्याची खूण

'टॅसिटर्न, टॅसिटर्न' करता करता तेजलचे डोळे जड होतात. विट्याहून सांगलीला निघालेल्या एसटीत ती खिडकीशी बसलेली आहे. मांडीवर इंग्रजी शब्दांची वही, शेजारी डबा धरून बाबा. दुपारी अडीचला वकिलीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा. गेल्या वर्षी याच शब्दांनी पोरीच्या नाकी नऊ आणले आणि दोन मार्कांनी प्रवेश हुकला. यंदाही हुकला तर बाबांच्या लाँड्रीत इस्त्री धरायची, हे तिनंच कबूल केलंय. पाचशे शब्द घोकलेत खरे, पण ऐन वेळी एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो.

"सरक जरा," म्हणत सोनाआत्या शेजारी बसते.

सोनाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गेल्या दिवाळीत गेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण अडीचशे घरांचे कपडे धुवायला यायचे आणि चाळीस वर्षांत एका घरचा रुमाल दुसऱ्या घरी गेला नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. सुईनं बिब्बा टोचायचा आणि त्याच्या काळ्या चिकानं कापडाच्या कोपऱ्यात रेघा-ठिपके काढायचे. कापड विरेल, पण ती काळी खूण जायची नाही.

"आत्या, तू तर…"

"हो, मेलेय. त्यात काय एवढं? वही दाखव."

वही उघडताच आतून ओले कपडे पडायला लागतात. सीटवर, दांड्यांवर, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर, जिकडंतिकडं कपडे. पायाशी नदीचं पाणी आहे आणि सीट म्हणजे घाटाचा दगड आहे. तेजलला रडूच फुटतं.

"कुठला कुणाचा तेच कळत नाही गं. आणि दुपारी पेपर!"

"कळेल कसं? खूण न घालताच ढीग केलास. एवढी वर्षं माझ्याजवळ बसून हेच शिकलीस होय?" आत्या सुई पुढं करते. "हा शर्ट काय म्हणतो?"

"टॅसिटर्न. अबोल, मोजकं बोलणारा."

"मग आपल्यात अबोल कोण?"

"खाडे हवालदार! गाठोडं दारात ठेवतात आणि निघून जातात."

"घाल त्यांची खूण."

तेजल खूण घालते आणि शर्टाची आपोआप घडी होते. मग काय विचारता! 'गॅरुलस' म्हणजे बडबडी, ती साडी गुळवणीकाकूंची. कपडे मोजून घेईपर्यंत काकूंची गल्लीतली तीन लग्नं सांगून होतात. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, ते माने कंपाउंडर. कॉलर उलटी शिवून तोच शर्ट आणखी दोन वर्षं चालवतात. 'एफेमरल', थोडकाच वेळ टिकणारं, ते माडीवरच्या भाडेकरूंचं. बिचारे एक चादर धुवायला टाकून महिन्याभरात गेले.

घाट कसला, हा तर परीक्षेचा हॉल. बाकाबाकावर घड्या आहेत आणि तेजल पळत पळत ज्याचं त्याला देत सुटलीय. पाचशेतला एक चुकेल तर शपथ! आत्या कमरेवर हात ठेवून हसतेय. एवढा आनंद तेजलला आयुष्यात झालेला नाही.

ढीग संपतो.

"आत्या, आपल्या घराची खूण कुठली गं?"

"आपल्याला कधी नव्हतीच. आपले कपडे घराबाहेर जातात कुठं?" आत्या तिच्या ओढणीचा कोपरा ओढून घेते. "बाहेर जाणाऱ्यालाच खूण लागते, पोरी. आता तू निघालीस." दोन उभ्या रेघा, मध्ये ठिपका. "हात लावू नको, बिब्बा उततो, फोड येतील."

"सांगली! चला, उतरा उतरा!" कंडक्टर ओरडतो.

तेजल दचकून उठते. वही मांडीवर बंद पडलीय. ती मनातल्या मनात हाका मारते, आणि हवालदार, काकू, कंपाउंडर, एकेक जण आपापला शब्द घेऊन हजर! येऊ दे म्हणावं आता तो पेपर.

बाबा डबा सावरत उठतात आणि तिच्या ओढणीकडं बघून थबकतात. सकाळीच घडी मोडलेली कोरी ओढणी, आणि कोपऱ्यात काळ्या दोन रेघा, मध्ये ठिपका. बाबांना अडीचशेच्या अडीचशे खुणा तोंडपाठ.

"ही कुणाच्या घरची गं? आपल्यात अशी खूण कुणाचीच नाही."

तेजल ओढणी खांद्यावर नीट घेते.

"आपल्या घरची, बाबा," ती म्हणते, आणि त्यांच्याआधी एसटीतून खाली उतरते.